काळी खिडकी येऊन राहिली, तिले घालवू कशी?

यावेळी पोस्टानं आणि व्हॉट्सॲपवर जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीचे निघाले. पायथन या प्रोग्राम लिहायच्या भाषेत बनवलेला बटणं-चौकटीवाला प्रोग्राम उघडला की सोबत एक काळी खिडकी उघडते आणि ती कोणालाच नको आहे. म्हणून हा अंक तिलाच दिला, मोबाइल-प्रिंटरचे प्रश्न पुढच्या खेपेला. नावं गाळली, गावं ठेवली. इंग्रजी नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापलीत, कॉम्प्युटरवर टाकताना ती इंग्रजीतच टाकायची एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : हिंगणघाटजवळ आमची जिनिंग हाय. गेटवरच्या काट्यासाठी पुतण्यानं पायथनमध्ये प्रोग्राम करून देल्ला, बटणं-चौकटी काढाची सोय, टीकेइंटर का काय म्हणतेत, त्यात. गाडी काट्यावर चढली का वजन स्क्रीनवर येते, शेतकऱ्याचं नाव टाकलं का पावती निघते, एकदम झकास. पण प्रोग्राम उघडला का मांगं एक काळी खिडकी उघडते अन् तिच्यात आकडे पळत राह्यतेत. काट्यावरचा पोट्टा नवीन, त्याले वाटलं हे कायचं फालतू उघडून राहिलं, त्यानं फुली दाबली तं सगळा प्रोग्रामच गेला, बाहेर ट्रॅक्टरची लाइन लागेल. दुसऱ्या दिवशी येगळंच, वजन एका आकड्यावर अटकून बसलं, गाडी उतरली तरी आकडा तोच. पुतण्या पुण्यात हाय, फोनवर म्हणते काका तुमी त्याले हात नका लावू. आता कराव काय?

उत्तर : भाऊ, पुतण्याच्या प्रोग्राममध्ये खोट शोधू नका, ती खिडकी त्यानं मागितलेलीच नाही. ती विंडोजनं स्वतःहून दिलेली आहे. झालं असं की विंडोजमध्ये जी कोणती ईएक्सई फाइल, म्हणजे थेट चालणारी प्रोग्रामची फाइल, असते तिच्या सुरुवातीच्या मजकुरात एक छोटा आकडा लिहून ठेवलेला असतो, त्याला सबसिस्टिम म्हणतात. २ असला तर हा चित्रांचा-बटणांचा प्रोग्राम, ३ असला तर हा कन्सोलचा, म्हणजे काळ्या खिडकीत अक्षरं छापणारा. तुमच्या जिनिंगमध्ये हमाल गाठ उघडून पाहत नाही ना, वरचा मार्का पाहतो आणि त्या थप्पीला लावतो, तसंच विंडोज करते. प्रोग्राममध्ये आत काय आहे हे न पाहता आकडा वाचते, ३ दिसला आणि ज्यानं प्रोग्राम उघडला त्याच्याकडे आधीची काळी खिडकी नसली की नवीन उघडून देते, आणि मग प्रोग्रामची पहिली ओळ चालते.

आता तुमच्या पुतण्यानं लिहिलेली फाइल ही काही ईएक्सई नाही, ती नुसता मजकूर आहे. तिला चालवणारा पायथन डॉट ईएक्सई वेगळा, आणि त्याच्यावर मार्का आहे ३चा. त्यामुळे तुम्ही आत कितीही सुंदर चौकट काढा, काळी खिडकी येणारच. यावरचा इलाज पायथन बनवणाऱ्यांनीच देऊन ठेवलाय, त्याच फोल्डरमध्ये बाजूलाच पायथनडब्ल्यू डॉट ईएक्सई नावाची दुसरी फाइल असते. भाषा तीच, लायब्ररी (इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड) त्याच, फरक फक्त मार्क्याचा, हिच्यावर २ आहे. पायथनसोबत जो आयडल नावाचा एडिटर येतो तो स्टार्ट मेनूतून उघडून पाहा, काळी खिडकी येत नाही, कारण तो पायथनडब्ल्यूवरच चालतो. जावातही जावाडब्ल्यू आहे, रूबीत रूबीडब्ल्यू आहे, म्हणजे ही भानगड एकट्या पायथनची नाही.

सगळ्यात सोपं म्हणजे फाइलच्या नावाच्या शेवटी डॉट पीवाय आहे तिथे डॉट पीवायडब्ल्यू करायचं, बस. पायथन ३.३ आलं २०१२ मध्ये, तेव्हापासून विंडोजवर पीवाय आणि पीवायडब्ल्यू असे दोन लाँचर सोबत येतात, डबल क्लिक केलं की शेपटी पाहून कोणता लावायचा ते ठरते. पण नाव बदलताना एक पाहा, विंडोज शेपटी लपवून ठेवते, तुम्ही पुढे पीवायडब्ल्यू लिहिता आणि खरं नाव होते काटा डॉट पीवायडब्ल्यू डॉट पीवाय, मग म्हणता की काहीच फरक नाही पडला. फोल्डरच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करा आणि मगच नाव बदला.

गेटवरच्या कॉम्प्युटरवर मात्र मी म्हणीन शॉर्टकट करा, नाव बदलण्यापेक्षा ते बरं. डेस्कटॉपवर राइट क्लिक, न्यू, शॉर्टकट, आणि पत्त्याच्या रकान्यात आधी पायथनडब्ल्यूचा पूर्ण पत्ता, मग एक जागा सोडून तुमच्या फाइलचा पूर्ण पत्ता, दोन्ही दुहेरी अवतरणात. शॉर्टकट तयार झाला की त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, तिथे टार्गेटच्या खाली स्टार्ट इन म्हणून रकाना आहे, त्यात जिथे फाइल आहे तो फोल्डर टाका, तो रिकामा ठेवू नका, का ते खालच्या उत्तरात येईल. पुतण्यानं वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे या प्रोग्रामपुरतं वेगळं पायथन, केलं असेल तर त्याच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्येही पायथनडब्ल्यू असते, तीच घ्यायची, नाहीतर काट्याची वायर जोडतात त्या सिरियल पोर्टची लायब्ररी सापडणार नाही.

पोट्ट्यानं फुली दाबली आणि प्रोग्राम गेला याचं कारण असं, काळी खिडकी बंद केली की तिच्याशी जोडलेल्या सगळ्या प्रोग्रामना विंडोज बंद व्हायला सांगते, आणि पाचेक सेकंदांत नाही झाले तर स्वतः मारून टाकते. सेव्ह करू का वगैरे विचारायची सोय नाही.

आणि वजन अटकलं ते तर अजून वाईट, कारण तिथे पैशाचा मामला आहे. विंडोज १०च्या त्या जुन्या काळ्या खिडकीत क्विक एडिट नावाची सोय चालू असते, खिडकीच्या आत कुठेही क्लिक झालं की तिला वाटते याला मजकूर सिलेक्ट करायचाय, मग ती नवीन अक्षर छापायचं थांबवते. तुमचा प्रोग्राम प्रत्येक वजन तिथे प्रिंट करतो, छापायला जागा मिळत नाही म्हणून वजन वाचणारा भाग त्या ओळीवरच ताटकळत उभा राहतो, आणि समोरच्या चौकटीत शेवटचा आकडा तसाच. खिडकीच्या वरच्या पट्टीवर नावाआधी सिलेक्ट असा शब्द दिसत असेल तर समजायचं हेच झालं, एस्केप किंवा एंटर दाबलं की गाडी पुढे चालते. पायथनडब्ल्यूवर गेलात की हे होणारच नाही. तरी पुतण्याला एवढं करायला सांगा की दोन सेकंद काट्याकडून नवीन वजन आलं नाही तर स्क्रीनवरचा आकडा पुसून तिथे रेषा दाखवायच्या आणि पावतीचं बटण बंद ठेवायचं. वायर सैल झाली तरी हेच कामी येईल, आणि मागच्या गाडीचं वजन पुढच्या शेतकऱ्याच्या पावतीवर छापल्या जाणार नाही.

एक नवीन दुखणं मात्र सुरू होऊ शकते, आधीच सांगून ठेवतो. काळी खिडकी गेली की प्रोग्राम चालू आहे की मेला हे बाहेरून दिसत नाही. चौकट बंद केली पण वजन वाचणारा थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचा वेगळा चालणारा भाग, मागे चालूच राहिला, असं होते, आणि तो काट्याचा कॉम ३ पोर्ट धरून बसतो. मग पुन्हा उघडलं की परवानगी नाही म्हणून एरर, पोट्टा परत परत डबल क्लिक करते. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये पायथनडब्ल्यू किती वेळा दिसते ते पाहा, चौकट एकही उघडी नसताना ती दिसली तर एंड टास्क. कायमचा इलाज पुतण्याकडे, थ्रेडला डेमन ट्रू करायचं आणि चौकट बंद होताना पोर्ट बंद करायचा.

प्रश्न : वरुडला आमचा संत्र्याचा व्यापार आहे, कोणत्या बगिच्यातून किती क्रेट आले, किती माल उतरला, कोणाला किती उचल दिली, याचा प्रोग्राम मी स्वतः शिकून बनवला. आयडलमध्ये एफ५ दाबलं की मस्त चालतो. काळी खिडकी नको म्हणून फाइल पीवायडब्ल्यू केली तर आता डबल क्लिक केल्यावर काहीच होत नाही, म्हणजे काहीच नाही, ना चौकट ना एरर, माउसचं चक्र जरा फिरते आणि गप्प. परत पीवाय केली की चालतो. आंबिया बहाराचा माल सुरू आहे, डोकं काम करत नाही. (ता. वरुड, जि. अमरावती)

उत्तर : स्वतः शिकून बनवला हे वाचून बरं वाटलं. तुमचा प्रोग्राम चालू होऊन राहिलाय आणि पहिल्या काही ओळींतच पडून राहिलाय, फक्त पडल्याचा आवाज यायची जागा तुम्ही काढून टाकलीत. पायथनडब्ल्यूला कन्सोल नसते, त्यामुळे सिस या लायब्ररीतले एसटीडीआउट (छापायची जागा) आणि एसटीडीएरर (एरर छापायची जागा) हे दोन्ही नन, म्हणजे काहीच नाही असे, असतात. एरर छापली जाते ती एसटीडीएररवर, ते जाग्यावरच नाही, म्हणून एरर हवेत.

आता तुमच्याच बाबतीत काय पडत असेल? नुसत्या प्रिंटवर संशय घेऊ नका, समोर नन असलं की प्रिंट मुकाट्यानं काहीच न करता परत येते. पण कोणी एसटीडीआउट डॉट राइट किंवा डॉट फ्लश असं थेट लिहिलं असेल तर तिथे एरर येणार, काही लायब्ररी प्रगतीची पट्टी दाखवतात त्याही अशाच पडतात. आणि सगळ्यात हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे इनपुट. बऱ्याच जणांनी शिकताना वाचलेलं असते की काळी खिडकी पटकन बंद होऊ नये म्हणून इनपुट टाका, एंटर दाबा असं दाखवा, ती ओळ मग वर्षानुवर्षं प्रत्येक फाइलमध्ये जाते. पायथनडब्ल्यूमध्ये इनपुट आलं की एसटीडीइन (टाइप केलेलं वाचायची जागा) हरवलं म्हणून रनटाइम एरर. पासवर्ड किंवा हंगामाचं वर्ष सुरुवातीला इनपुटनं विचारत असाल तर तुमचा प्रोग्राम तिथेच संपला, ते टीकेइंटरच्या सिम्पल डायलॉगमध्ये न्या. आयडलमध्ये का चालते, तर आयडल आपली स्वतःची शेल खिडकी या तिन्हींच्या जागी लावून देते. म्हणून आयडलमध्ये चाललं हा पायथनडब्ल्यूसाठी पुरावा धरू नका.

पण अंदाज करत बसण्यापेक्षा एररला राहायला घर द्या. फाइलच्या अगदी वर, बाकीच्या लायब्ररी इम्पोर्ट करायच्याही आधी, सिस इम्पोर्ट करून एक लॉग फाइल उघडा आणि एसटीडीआउट, एसटीडीएरर या दोन्हींना तीच द्या. उघडताना मोड ए, म्हणजे जुन्याच्या खाली जोडत जाईल, बफरिंग १, म्हणजे ओळ संपली की लगेच लिहिल्या जाईल, आणि एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८. हे शेवटचं विसरू नका. एन्कोडिंग दिलं नाही तर विंडोजवर पायथन फाइल उघडताना विंडोजचीच जुनी कोडपेज (अक्षरांचा तक्ता) धरते, तिच्यात देवनागरी अक्षरं नाहीत, आणि ज्या दिवशी पहिल्यांदा शेतकऱ्याचं नाव मराठीत लॉगमध्ये जाईल त्या दिवशी लॉग लिहितानाच प्रोग्राम पडेल. काळ्या खिडकीत हेच नाव छापताना कधी अडचण आली नसेल, कारण पायथन ३.६ पासून कन्सोलवर यूटीएफ-८ आहे, म्हणून लोकांना हे समजत नाही की कालपर्यंत चालत होतं ते आज काय झालं.

मग एकदा डबल क्लिक करा, लॉग उघडा, शेवटची ओळ वाचा. मला वाटते तुमचं काम तिथेच होईल.

आता लॉग कुठे ठेवायचा. प्रोग्राम फाइल्समध्ये नको, तिथे साध्या युजरला लिहायची परवानगी नसते. स्क्रिप्टच्या बाजूला ठेवा, पण नुसतं नाव लिहून नाही. नुसतं नाव लिहिलं की फाइल चालू फोल्डरमध्ये शोधल्या जाते, आणि चालू फोल्डर कोणतं हे तुम्ही प्रोग्राम कसा उघडला त्यावर ठरते, स्टार्ट इन रिकामा असलेला शॉर्टकट वेगळं देईल, टास्क शेड्यूलर (ठरल्या वेळी प्रोग्राम उघडणारी विंडोजची सोय) तर थेट विंडोजचा सिस्टिम ३२ फोल्डर देते. पाथलिबमधून डबल अंडरस्कोर फाइल घेऊन तिचा पॅरेंट काढा आणि लॉग, डेटाबेस, पावतीवरचा लोगो, सगळं तिथून मोजा. संत्र्याचा लोगो सापडला नाही म्हणून अख्खा प्रोग्राम न उघडणं हे मी जितक्या वेळा पाहतो तितकं दुसरं काही पाहत नाही.

टीकेइंटरची अजून एक खोड आहे. बटण दाबल्यावर जो कोड चालतो त्यात एरर आली तर टीकेइंटर ती एसटीडीएररवर छापते आणि पुढे चालू राहते, चौकट बंद पडत नाही. म्हणजे काळी खिडकी असताना तुम्हाला लाल-पांढरं काहीतरी दिसायचं तरी, आता हिशेब सेव्ह कराचं बटण दाबलं, काहीच झालं नाही, माणूस समजते झालं. यासाठी मुख्य चौकटीवर रिपोर्ट कॉलबॅक एक्सेप्शन म्हणून जागा आहे, तिथे आपलं फंक्शन बसवायचं, जे लॉगमध्येही लिहील आणि मेसेजबॉक्सही दाखवील, मराठीत लिहा की नोंद झाली नाही, पुन्हा करा. उचलीच्या रकमा जिथे आहेत तिथे एवढं तर पाहिजेच. थ्रेड वापरत असाल तर त्यांचं एक्सेप्टहुक वेगळं असते, पायथन ३.८ पासून थ्रेडिंगमध्येच मिळते.

प्रश्न : कोणीतरी सांगितलं की व्हीबीएस फाइल करा, तिच्यातून बॅच फाइल चालवा म्हणजे काळी खिडकी दिसत नाही. खरंच करू काय? आमचं कृषी केंद्र हाय, खताच्या बिलाचा प्रोग्राम हाय. (मेहकर)

उत्तर : चालते, पण आता त्या वाटेनं नवीन माणसानं जाऊ नये. व्हीबीएस म्हणजे विंडोजच्या जुन्या व्हीबीस्क्रिप्ट भाषेतली फाइल, तिच्यात डब्ल्यूस्क्रिप्ट शेलच्या रनला दुसरा आकडा शून्य दिला की खिडकी लपते, लोकांनी वर्षानुवर्षं हेच केलं. पण मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२३ मध्येच जाहीर केलंय की व्हीबीस्क्रिप्ट विंडोजमधून हळूहळू काढणार, म्हणजे आज बसवलं आणि उद्या अपडेट आल्यावर बिल निघेना असं व्हायचं. पॉवरशेलची हिडन खिडकी पण सांगतील कोणी, ती आधी उघडते आणि मग लपते, डोळ्यासमोर चमकून जाते. कोडमधूनच स्वतःची काळी खिडकी शोधून लपवायची युक्ती पण फिरते, विंडोज ११ मध्ये काळी खिडकी म्हणून नवीन टर्मिनल येते, तिथे ती युक्ती धड चालत नाही.

बॅच फाइलशिवाय (विंडोजला द्यायचे हुकूम ओळीनं लिहिलेली फाइल) गत्यंतरच नसेल, समजा आधी कुठला फोल्डर जोडायचा असेल, तर तिच्यात शेवटी स्टार्ट, मग रिकामी दुहेरी अवतरणं, मग पायथनडब्ल्यू आणि फाइल. ती रिकामी अवतरणं गाळू नका, स्टार्टला अवतरणातली पहिली गोष्ट खिडकीचं नाव वाटते. बॅच फाइलची स्वतःची खिडकी क्षणभर चमकेल, शॉर्टकटमध्ये रन मिनिमाइज्ड करा, तेवढीही दिसणार नाही. नुसतं बिल काढायचं असेल तर वरच्यासारखा साधा शॉर्टकट, दुसरं काही नको.

प्रश्न : नमस्कार सर, मी पुसद तालुक्यात सेवा केंद्र चालवते. दाखल्यांचे स्कॅन लहान करून पीडीएफ बनवायचा प्रोग्राम भावानं दिला, तो पीवायडब्ल्यू आहे, मुख्य काळी खिडकी येत नाही. पण बटण दाबलं की प्रत्येक पानाला एक काळी खिडकी चमकून जाते, वीस पानं असली की वीस वेळा. समोर बसलेले लोक विचारतात, ताई व्हायरस आला काय.

उत्तर : ताई, व्हायरस नाही. तुमचा प्रोग्राम पान लहान करायला दुसऱ्या एका प्रोग्रामला बोलावतो, बहुतेक घोस्टस्क्रिप्ट किंवा तसलाच काही, आणि त्या दुसऱ्यावर मार्का आहे ३चा. आधी मुख्य प्रोग्रामची काळी खिडकी होती तेव्हा हे पाहुणे तिच्यातच बसायचे, नवीन मागत नव्हते. आता बसायला जागा नाही म्हणून प्रत्येकाला विंडोज नवीन खिडकी देते. म्हणजे मुख्य खिडकी घालवली म्हणूनच या दिसायला लागल्या.

भावाला सांगा, दुसऱ्या प्रोग्रामला बोलवायला सबप्रोसेस रन लिहिलंय तिथे क्रिएशनफ्लॅग्जमध्ये सबप्रोसेसचं क्रिएट नो विंडो द्या, सगळी कॅपिटल अक्षरं, शब्दांच्या मधे अंडरस्कोर, पायथन ३.७ पासून ते तयार मिळते. ओएस डॉट सिस्टिम वापरलं असेल तर ते काढूनच टाका, त्यात हा पर्याय देता येत नाही. सोबत कॅप्चर आउटपुट ट्रू करून त्या प्रोग्रामचं बोलणं लॉगमध्ये लिहा आणि रिटर्न कोड शून्य आहे का ते पाहा, नाहीतर एखादं पान न बनताच पुढे जाईल आणि जातीच्या दाखल्याच्या अर्जात मधलंच पान गायब. घोस्टस्क्रिप्टच असेल तर त्याचीही दोन रूपं येतात विंडोजवर, कन्सोलवालं नाव सी अक्षरानं संपते, इथे तेच ठेवा, खिडकी लपवायचं काम वरच्या फ्लॅगवर सोडा.

प्रश्न : अर्जुनी मोरगावकडे आमच्या राईस मिलमध्ये धानाच्या पोत्यांचा अन् बारदान्याचा हिशेब ठेवाचा प्रोग्राम केला जी. आता बाजूच्या दोन मिलवाल्यांले पण पाह्यजे, त्यायच्याकडं पायथन नाही, अन् एकाकडं अजून विंडोज ७ हाय. ईएक्सई करून द्यावी म्हणतो, काळी खिडकी न येणारी.

उत्तर : पायइन्स्टॉलर वापरा जी, पायथनच्या फाइलची ईएक्सई तो बनवून देतो. त्याला नोकन्सोल सांगा, नाहीतर विंडोड सांगा, दोन्हीचा अर्थ एकच, बनणाऱ्या ईएक्सईवर २चा मार्का बसतो. वनफाइल मात्र मी नाही सुचवणार. एकच फाइल दिसायला छान, पण ती दर वेळी उघडताना स्वतःला टेम्पमध्ये सोडवते, जुन्या हार्डडिस्कवर माणूस चहा पिऊन येईल. शिवाय अशा एकफाइली, बिनखिडकीच्या, सही नसलेल्या ईएक्सईवर अँटिव्हायरस उगाच शंका घेतात. फोल्डरवाला प्रकार करा, झिप करून पेनड्राइव्हनं द्या, आणि तिथे शॉर्टकट काढून द्या.

विंडोज ७वाल्यासाठी पायथन ३.८ घ्यावं लागेल, ३.९ पासून विंडोज ७ वर चालतच नाही, आणि ईएक्सई बनवायचीही त्याच पायथनवरून, त्याची विंडोज ३२ बिटची असेल तर पायथनही ३२ बिटचं. आधी कन्सोलसहित ईएक्सई करून त्यांच्या मशीनवर चालवून पाहा, काळ्या खिडकीत जी एरर दिसेल ती तुम्हाला फोनवर फोटो काढून पाठवता येते, आणि सगळं नीट झालं की मगच नोकन्सोल. वरच्या वरुडच्या भाऊंना सांगितलेलं लॉगचं सगळं इथेही लागू आहे, बिनखिडकीच्या ईएक्सईतही एसटीडीआउट नन असते.

प्रश्न : गडचिरोली जिल्ह्यातल्या शाळेत शिक्षक आहे, कुरखेडा तालुका. लॅबमध्ये लिनक्स आहे. पाढ्यांचा एक खेळ पायथनमध्ये केलाय, मुलं उघडतात तेव्हा टर्मिनल पण उघडते, मग मुलं त्यातच काहीबाही टाइप करतात.

उत्तर : सर, लिनक्समध्ये मार्का-बिर्का काही नाही, पायथन एकच, पायथनडब्ल्यू शोधू नका. टर्मिनल दाखवायचं की नाही हे तिथे आयकॉन ठरवतो. डॉट डेस्कटॉप शेपटीची छोटी मजकुराची फाइल करा, पहिली ओळ चौकोनी कंसात डेस्कटॉप एंट्री, मग टाइप बरोबर ॲप्लिकेशन, नेम, एक्झेक समोर पायथन ३ (मधे जागा न सोडता) आणि फाइलचा पूर्ण पत्ता, पाथ समोर फोल्डर, आणि मुख्य म्हणजे टर्मिनल बरोबर फॉल्स. नेम मराठीत दिलं तरी चालते, पाढे असंच लिहा. ती होममधल्या डॉट लोकल, शेअर, ॲप्लिकेशन्स या फोल्डरात टाकली की मेनूत येते. डेस्कटॉपवर ठेवली तर एक्झिक्युटेबल करून राइट क्लिकमध्ये अलाउ लाँचिंग करावं लागते. चाललं नाही तर टर्मिनलमध्ये तीच एक्झेकची ओळ हातानं टाकून पाहा, कारण तिथेच दिसेल.

प्रश्न : रोज सकाळी आठला दूध डेअरीचा प्रोग्राम आपोआप उघडावा म्हणून टास्क शेड्यूलरमध्ये लावला. टास्क रनिंग दाखवते पण चौकट दिसतच नाही. (चिखली)

उत्तर : युजर लॉग इन असो वा नसो चालवा, हा पर्याय तुम्ही निवडलाय. तसं केलं की तो प्रोग्राम तुमच्या डेस्कटॉपवर येतच नाही, मागच्या वेगळ्या सत्रात चालतो, काळी खिडकी पण नाही आणि तुमची चौकट पण नाही. फक्त लॉग इन असतानाच चालवा हे निवडा, प्रोग्राम म्हणून पायथनडब्ल्यू, स्टार्ट इन भरा.

प्रश्न : सगळे त्या काळ्या खिडकीच्या मांगं काऊन लागले समजत नाही. मले तं ती असली का बरं वाटते, काय चालू हाय ते दिसते. लपवून फायदा काय? (दर्यापूर)

उत्तर : तुमचं म्हणणं बनवणाऱ्या माणसासाठी शंभर टक्के बरोबर आहे, आणि मी तर म्हणतो नवीन प्रोग्राम पहिले काही आठवडे काळ्या खिडकीसकटच चालवावा. पण रोज वापरणारा काटेवाला, पावती फाडणारा, शाळेतलं पोर, यांना त्या अक्षरांचा उपयोग शून्य आणि चुकून क्लिक करायची भीती तेवढी. तेव्हा दोघांचंही भागेल असं करा. एकाच फाइलचे दोन शॉर्टकट काढा, एकात पायथनडब्ल्यू, तो डेस्कटॉपवर, मोठ्या आयकॉनचा. दुसऱ्यात साधं पायथन, नाव तपासणी, तो प्रोग्रामच्या फोल्डरमध्येच राहू द्या. फक्त लॉगची जी ओळ वर टाकली ती एसटीडीएरर नन असेल तरच चालावी असा इफ लावा, नाहीतर तपासणीवाल्या शॉर्टकटमध्येही काळी खिडकी कोरीच दिसेल, सगळं लॉगमध्ये जात राहील. आणि दोन्ही एकाच वेळी उघडू नका, काट्याचा पोर्ट एकालाच मिळतो.